फक्कीच्या आठ रेषा

बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. दूधवाला नगाव, भाजीवाली कापडणे, शाळेतला शिपाई सोनगीर. वडील मला घेऊन देवपुरातली त्यांची भाड्याची खोली बघायला आले, तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे. गाव कुठलं?"

"सावदा," वडील म्हणाले.

"मग हे बघ सावदा, नळ साडेपाचला येतो. मी शिट्टी वाजवीन. एकदाच."

वडिलांनी आणलेली केळीची फणी त्यांनी घेतली, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फाटकाशी येऊन वडील मला हळूच म्हणाले, "बाई चांगल्या असतील गं, पण एकदाही हसल्या नाहीत. आपलं काही चुकलं का?"

टेलिफोन एक्स्चेंजमधली ती माझी पहिली नोकरी होती. मी तेवीस वर्षांची. बाई छप्पन्नच्या. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका, लग्न केलेलं नाही, घरात एकट्या. शिट्टी त्यांच्या गळ्यात घरातही असे. कॅनव्हासचे पांढरे बूट दर रविवारी धुऊन, खडूचं पाणी लावून ओट्यावर वाळत ठेवलेले असत, आणि तिथून जाणाऱ्या मांजरालाही त्या शिट्टी मारत. जगातल्या सगळ्याच गोष्टींना त्या दहापैकी गुण देत. माझ्या पहिल्या भाकरीला तीन मिळाले. पुढे वरणाला सहा मिळाले, ते मी सावद्याला पत्रात कळवलं होतं. समोरच्या मंडळाच्या कर्ण्याला शून्य. पुण्यात ज्या डॉक्टरनं तपासलं त्याला साडेनऊ. अर्धा का कापला, तर तो त्यांच्याकडे न बघता त्यांच्या भावाकडे बघून बोलत होता.

हे डॉक्टरचं मला नंतर कळलं.

आधी दिसला तो त्यांचा चेहरा. गल्लीत सगळे त्यांना घमेंडी समजत. कुणी नमस्कार केला तरी त्या तशाच बघत, पापणी न हलवता. कापडणेवाली एकदा मला म्हणाली, "बाईनी नजर लई वाईट शे. मिरच्या घेतस तवा मले भ्या वाटस." मी हसले. पण मलाही पहिला महिनाभर त्यांच्यासमोर जेवताना घास उतरत नसे.

मग एका सकाळी मी पाणी भरून आत आले, तर बाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभ्या होत्या. हातात पातेलं. मी दुसरी बादली भरून आले, तरी तिथेच. अंग पुढे झुकलेलं, टाचा किंचित उचललेल्या, आणि पाय फरशीला चिकटवल्यासारखे.

"बाई, काही हवंय का?"

बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक आवाजात, "तुझा पाय माझ्या पायासमोर आडवा धर."

मी धरला. त्यांनी खाली माझ्या पायाकडे बघितलं आणि तो ओलांडून सरळ आत गेल्या. पातेलं शेगडीवर ठेवलं. मग वळून म्हणाल्या, "लेकीसारख्या पोरीला ओलांडायला लावलं मला. पुन्हा नाही."

त्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. एखादा खेळ शिकवावा तसं, उभ्यानं. पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात. "लोकांना वाटतं, यात नुसते हात थरथरतात. माझा डावा थोडा थरथरतो, तो मी शिट्टीच्या दोरीत गुंतवून ठेवते. चेहरा ताठला, त्यालाही इलाज नाही. खरा घोळ पायांचा. दार आलं, अरुंद जागा आली, की पाय थांबतात. मन पलीकडे गेलेलं असतं आणि पाय अलीकडे."

गोळी घेतली की चाळीस मिनिटांनी पाय मोकळे होत, ते पुढे पावणेचार तास. सकाळची गोळी पाचला, दुसरी दहाला. गोळ्या पुण्याहून येत. शाळेच्या मैदानावर त्या कधीच अडखळत नसत, आणि त्याचं कारण त्यांना एकदा खो-खोच्या सामन्यात सापडलं होतं. कडेला पाय अडकले असताना त्यांची नजर मैदानावर मारलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेषांवर गेली. एक रेष ओलांडावीशी वाटली, आणि पाय उचलला गेला. मग दुसरी. "सपाट जमिनीवर पायाला कळत नाही कुठे जायचं ते. रेष दिसली की कळतं. का, ते पुण्याच्या डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही." तेव्हापासून घरात फक्कीचं अर्धं पोतं असे आणि पर्समध्ये खडू.

"निवृत्तीला दोन वर्षं आहेत," त्या म्हणाल्या. "शाळेला कळलं तर उद्या खुर्चीवर बसवतील आणि परवा घरी. तू कुणाला सांगणार नाहीस."

"नाही सांगणार."

"शपथबिपथ नको. नाही म्हणालीस ना, झालं."

आमच्या घरापासून मोठ्या रस्त्याला जायला एक बोळ होता. दोन्हीकडे कुंपणाच्या भिंती, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. गोळी घेतलेली असतानाही बाईंचे पाय हमखास अडकण्याची जागा ती. तिथे आठ रेषा लागत, हातभर अंतरावर एक. आधी त्या स्वतः मारत, पण वाकलं की त्यांचा तोल जाई, म्हणून ते काम मी घेतलं. सकाळी नळाचं पाणी भरून झालं की मी डबा घेऊन जायची, आठ रेषा ओढायची आणि परत यायची. पावणेअकराला बाई निघत. तोंडातल्या तोंडात "कदमताल, आगे चल" म्हणत बोळातून ताठ जात. मागून बघणाऱ्याला वाटावं, कुणी परेडला निघालंय.

बोळाच्या तोंडाशीच अक्कांचं दार होतं. अक्का साठीच्या, शिंदखेड्याकडच्या, घरात मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात. माझ्यावर त्यांची माया होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली की मला चतकोर ठेवत. एक दिवस त्यांनी मला बोलावून विचारलं, "पोरी, हाई पांढरं काय टाकस तुनी बाई मना दारसमोर? रोज?"

रेषा मी मारते हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "मुंग्यांसाठी असेल, अक्का. पावडर असेल मुंग्यांची."

अक्कांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर आठवड्याभरातच त्यांच्या नातीला ताप भरला. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ती ओकली. तिसऱ्या दिवशी मी कामावरून येत असताना अक्कांच्या ओट्यावर पाच-सहा बाया होत्या आणि मला बघून त्या बोलायच्या थांबल्या. सून दारात उभी होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "मुंग्यांची पावडर विषारी असते ना हो ताई? पोरगी रांगत गेली होती तिथे. तोंडात घातली असेल." मागून कुणीतरी म्हणालं, मुंग्यांसाठी कुणी असं आडवं आडवं ओढत नाही, आठच का, सात का नाही, नऊ का नाही. दुसरी म्हणाली, तिची नजर बघा ना.

मी तशीच पुढे निघाले. घरी येऊन बाईंना सांगितलं. मुंग्यांचं मी सांगितलं होतं, तेही.

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोटं बोललीस त्याला दोन. बोलताना विचार केला नाहीस त्याला शून्य."

"मी जाऊन खरं सांगते त्यांना."

"काय खरं? फक्की आहे एवढं सांग. चुनखडीची भुकटी. मैदानावर हजार पोरी त्यावर लोळतात."

"पण कशासाठी मारतो, ते विचारतील."

"तेवढं सांगायचं नाही."

"बाई, ते तुम्हाला काय काय म्हणताहेत ते ऐकलंत का? करणी म्हणताहेत."

"म्हणू देत. करणीवाली म्हटलं तर नोकरी जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेषा मारल्या नाहीत. हात झाला नाही. बाईंनीही विचारलं नाही.

साडेनऊला फाटक वाजलं. मी ओट्यावर केस विंचरत होते. अक्कांचा मुलगा पुढे होता, त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं. गल्लीतली, ओळखीची सगळी. इस्त्रीवाला, गॅरेजवाला, मागच्या गल्लीतल्या दोन बाया. अक्का सर्वांत मागे, पदर तोंडाशी धरून.

"बाईंना बोलवा," मुलगा म्हणाला. मोठ्यानं नाही. "माझी पोरगी डोळे उघडत नाही. काय टाकता ते सांगा, म्हणजे डॉक्टरला सांगता येईल. एवढंच पाहिजे मला."

बाई आतून येत होत्या. मी त्यांची पावलं ऐकली, बारीक बारीक, घसटणारी. दाराशी ती थांबली. दहाला अजून अर्धा तास होता, सकाळच्या गोळीचा जोर ओसरला होता, आणि समोर चौकट होती.

त्या चौकटीत उभ्या राहिल्या. डावा हात थरथरायला लागला आणि शिट्टी छातीवर हलू लागली.

"बोला ना," मुलगा म्हणाला.

बाईंचे ओठ हलले. आवाज फाटकापर्यंत पोचेना. त्या म्हणत होत्या, "फक्की आहे ती." मी ऐकलं, मी हातभर अंतरावर होते म्हणून. बाकीच्यांना दिसत होती ती फक्त एक बाई, पापणी न लववता बघणारी, जिला लेकराच्या तापाचं काहीच वाटत नव्हतं.

"बाहेर या की!" गॅरेजवाला ओरडला. "दारात काय उभ्या? पाय का उचलत नाही तुमचा?"

"उतारा टाकनारना पाय उंबरठाबाहेर येत नही," मागची एक बाई म्हणाली. बोलली बारीक, पण सगळ्यांनी ऐकलं. गर्दी एक पाऊल पुढे सरकली. कुणीतरी फाटक पूर्ण उघडलं. इस्त्रीवाल्यानं कुंपणाशी पडलेला विटेचा तुकडा उचललेला मी पाहिला. तो मारणार होता असं मी म्हणत नाही. त्यानं तो हातात घेतला होता एवढं खरं.

मी ओट्यावरून खाली उतरले आणि दाराच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"रेषा मी मारते," मी म्हणाले. "रोज सकाळी मीच मारते. विष नाही, फक्की आहे. मुंग्यांचं मी खोटं सांगितलं. बाईंना आजार आहे. पार्किन्सन आहे त्यांना, कंपवात. त्यांचे पाय अडकतात, रेष दिसली की चालता येतं त्यांना. त्यांचा चेहरा हलत नाही. त्यांना हसता येत नाही. त्या कुणाचं वाईट करत नाहीत, त्यांना नीट उभंही राहता येत नाही—"

मी बोलतच सुटले होते. गोळ्यांचं सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरचं सांगितलं. पटावं म्हणून सांगत गेले.

गर्दी ढिली पडली. इस्त्रीवाल्यानं विटेचा तुकडा खाली टाकला. मी आत धावले, गोळी आणि पाणी आणलं आणि बाईंना सगळ्यांसमोर दिलं. त्यांनी घेतलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं. मी पुसायला गेले तर त्यांनी मान बाजूला केली.

"बाई, पाय धरते," मी म्हणाले आणि माझा पाय आडवा ठेवला.

त्यांनी खाली बघितलंच नाही. मी खुर्ची आणली, ती घेतली नाही. गॅरेजवाला पुढे येऊन म्हणाला, उचलून आत ठेवू का? बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला.

त्या चौकटीत चाळीस मिनिटं उभ्या होत्या. काही लोक गेले, बरेच राहिले. आता कुणाला राग नव्हता, सगळ्यांना बघायचं होतं. हात कसा हलतो, पाय कसा चिकटतो. दोन बाया ओट्याच्या कडेला बसून आपापसांत बोलत होत्या, एकीच्या सासऱ्यालाही असंच होतं, शेवटी भरवावं लागे. मी बाईंच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होते आणि आतल्या घड्याळाचा काटा बघत होते. मला तो सरकतोय असं वाटत नव्हतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी बाईंची टाच टेकली. त्यांनी एक पाय उचलला, उंबरठ्याबाहेर ठेवला, मग दुसरा. पर्स घेतली. पायऱ्या उतरल्या, पाठ ताठ केली, आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेनं शाळेला निघाल्या, रेषा नसलेला बोळ टाळून लांबच्या रस्त्यानं. अक्कांसमोर क्षणभर थांबून काहीतरी म्हणाल्या. अक्कांनी मला नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, "पोरीला मोठ्या दवाखान्यात न्या. इथे वेळ घालवू नका."

त्याच दुपारी पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर होता. दहा-बारा दिवसांत ती बरी झाली.

गोष्ट तिथे संपायला हवी होती.

अक्का रडत आल्या, बाईंच्या पाया पडायला बघत होत्या. पण नातीला त्यांनी पुन्हा कधी बाईंजवळ येऊ दिलं नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "लागत तं नही ना हाऊ आजार?" गल्ली एकदम प्रेमळ झाली. कुणी औषध म्हणून खाजकुयलीच्या बिया आणून दिल्या, कुणी साक्रीकडच्या बाबाचा पत्ता. भाजीवाली मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तशी. बाई शेजारी उभ्या असताना लोक मला विचारत, "कशा आहेत आता बाई? झोप लागते का त्यांना?" आणि मी उत्तरं देत असे. पोरं बोळात बाईंसारखी चालून दाखवत.

शाळेला कळायला पाच दिवस लागले. त्यांनी वैद्यकीय दाखला मागितला. तपासणीला बाईंना लांबलचक व्हरांड्यातून चालायला सांगितलं. तिथे फरश्यांच्या रेषा होत्या, त्या झकास चालल्या. मग खोलीत बोलावलं, आणि दारात पाय अडकले. कागदावर 'बैठ्या कामास योग्य' असं लिहून आलं. मैदान दुसऱ्या शिक्षिकेकडे गेलं. बाईंना मुलींच्या हजेऱ्या तपासायला एका कोपऱ्यात बसवलं. त्या तीन आठवडे बसल्या, मग त्यांनी राजीनामा दिला.

माझ्याशी त्या भांडल्या नाहीत. लागेल तेवढं बोलत. फक्त सकाळी शिट्टी वाजेनाशी झाली. मी घड्याळाचा गजर लावायला लागले. माझ्या कशालाही गुण दिले नाहीत. एकदा मी मुद्दाम खारट वरण केलं, त्या मुकाट्यानं जेवल्या. चार महिन्यांनी माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडली. निघताना मी नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. त्यामुळे तो मायेनं ठेवला की रीत म्हणून, मला सांगता येणार नाही.

चारेक वर्षांनी मला कळलं की बाई जळगावलाच आहेत, भावाकडे. माझं सासर जळगावचं. त्यांचं घर माझ्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं, तरी मला जायला सहा महिने लागले. रोज काहीतरी कारण निघे. खरं कारण मला माहीत होतं.

बाई पुढच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मान एका बाजूला, बोलणं इतकं बारीक की मला खुर्ची त्यांच्या गुडघ्याला लावून बसावं लागलं. नवरा, मुलगी, नोकरी, सगळं विचारलं त्यांनी. प्रत्येक वाक्याला वेळ लागे. शेवटी मीच काढलं.

"बाई, त्या दिवशी मी सांगायला नको होतं. पण विटेचा तुकडा बघितला आणि मला दुसरं काही सुचलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तीच न हलणारी नजर. मी वाट बघितली.

"सांगितलंस ते ठीक," त्या म्हणाल्या. "मीही सांगितलं असतं कदाचित. आवाज असता तर." मग थांबल्या. घोट गिळायलाही त्यांना वेळ लागत होता. "पण तू त्यांच्याकडे तोंड करून बोलत होतीस. माझ्याकडे पाठ होती तुझी. त्यांना हे येत नाही, त्यांना ते होत नाही. मी मागे उभी होते ना गं. एकदा वळून विचारायचं होतंस, सांगू का म्हणून."

इतकी वर्षं मी वचन मोडलं म्हणून झुरत होते. हे मला सुचलंच नव्हतं.

एवढ्यात त्यांची भावजय आतून आली. हाताला कणीक, कपाळावर घाम. दिवसभर करावं लागत असणार तिला, चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "बराच वेळ बसल्यात. दमल्या असतील ना? आत नेऊन निजवू का त्यांना?"

"हो, मला वाटतं—" मी बोलायला लागले आणि थांबले. मी बाईंकडे वळले.

"बाई, आत जायचंय का तुम्हाला?"

बाईंचे ओठ हलायला लागले. आवाज येईना. भावजय या पायावरून त्या पायावर झाली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आतल्या दाराकडे. ती पुन्हा काही बोलणार होती, मी तिला हातानंच थांब म्हणून खुणावलं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला बसायचंय अजून," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, तितक्याच सावकाश, "तू जा आत. पोळी करपतेय तुझी."

खरोखरच आतून करपल्याचा वास येत होता.